बर्फ वितळला, आता ट्रेलर बाहेर काढायचा: मिशिगनमधल्या आरव्हीवाल्यांसाठी वसंतातली तयारी, अगदी पहिल्यापासून

इकडे मिशिगनमधे पाडव्याला गुढी उभारतो तेव्हा बऱ्याचदा डेकवर बर्फाचा ढीग असतो, पण मार्चचा शेवट आला की आमच्या मंडळातल्या ज्यांनी ज्यांनी गेल्या दोनचार वर्षांत ट्रेलर घेतलेत त्यांचे फोन सुरू होतात. ताई, पाणी कधी भरायचं? हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून भरलेला तो गुलाबी अँटिफ्रीझ तसाच राहिला तर चालतो का? बॅटरी मेलीये वाटतं, काय करू? दरवर्षी तेच तेच सांगते, म्हणून या वेळी सगळं एकदाच सविस्तर लिहून काढतेय.

आरव्ही म्हणजे आत राहता येईल असं चाकांवरचं घर. आमचा २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, गाडीच्या मागे ओढायचा. मोटरहोमवाल्यांना इंजिन, ऑइल, जनरेटर हे वेगळं बघावं लागेल, बाकी बहुतेक गोष्टी सारख्याच.

एक गोष्ट आधीच सांगते कारण माझ्या मते वसंतातल्या तयारीचं सार तेच आहे. आरव्हीचा खरा शत्रू पाणी. छतातून आत आलेलं, पाइपमधे गोठून पाइप फोडणारं, टाकीत सहा महिने साचून वास मारणारं. म्हणून पाण्याशी संबंधित प्रत्येक काम घरी ड्राइव्हवेमधे, उजेडात, हातात टॉर्च आणि जुने टॉवेल घेऊन करायचं. ते पहिल्या ट्रिपवर ढकलायचं नाही. आम्ही दुसऱ्या वर्षी ढकललं होतं. बाहेरच्या शॉवरमागचं एक प्लास्टिकचं फिटिंग हिवाळ्यात तडकलेलं, आम्हाला पत्ता नाही, कॅम्पग्राउंडला पोचलो, होज लावली, मुलं धबधबा बघायला गेली आणि तासाभराने परत येऊन बघतो तर खालच्या बंकची गादी ओलीचिंब, बाहेर ३८ डिग्री फॅरनहाइट, आणि मुलगी रडतेय. ते फिटिंग काही डॉलरचं होतं. ओली प्लायवुड वाळवायला मात्र आठवडा गेला.

कधी सुरू करायचं

तारीख बघू नका, रात्रीचं तापमान बघा. आमच्याकडे डेट्रॉइटच्या आसपास एप्रिलच्या मध्यालासुद्धा पारा ३२ फॅरनहाइटच्या खाली जातो आणि अगदी मेच्या पहिल्या आठवड्यातही कधीतरी दहिवर गोठतं. त्यामुळे मी कामाचे दोन भाग करते. कोरडी कामं, म्हणजे छत, टायर, बॅटरी, उंदीर, गॅस, ही मार्चअखेर ते एप्रिल. ओली कामं पुढच्या दहा दिवसांत रात्री गोठणार नाही असं दिसलं की मगच. ज्यांचा ट्रेलर स्टोरेज यार्डात असतो त्यांनी कोरडी कामं तिथेच उरकावीत, कारण खूप सोसायट्यांमधे ड्राइव्हवेवर ट्रेलर एकदोन दिवसच ठेवू देतात.

आणि बुकिंग! ते या सगळ्याच्या कितीतरी आधी. मिशिगनच्या स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे जुलैचा लडिंग्टन हवा असेल तर जानेवारीत सकाळी कॉम्प्युटरसमोर बसावं लागतं. एप्रिलमधे जाग आली असेल तर रद्द झालेल्या साइट्सवर नजर ठेवा, किंवा सोमवार ते गुरुवार जा, मिळते जागा. एप्रिलमधे जाणार असाल तर तिथे पाणी सुरू झालंय का ते आधी विचारा. बरीच कॅम्पग्राउंड सीझनच्या सुरुवातीला नळ आणि बाथरूम बंदच ठेवतात, त्यांनाही पाइप फुटायची भीती असतेच.

पहिलं काम छत

शिडी लावून वर जा, पण तुमचं छत माणसाचं वजन पेलतं का ते मॅन्युअलमधे बघा. सगळी पेलत नाहीत. पेलत असेल तरी गुडघ्यांखाली प्लायवुडचा तुकडा घेऊन वजन पसरा, आणि छत ओलं असेल तर चढूच नका. बहुतेक ट्रेलरवर पांढरं रबराचं छत असतं, ईपीडीएम नाहीतर टीपीओ. मधला सपाट भाग सहसा ठीक असतो, गळतं ते कडेला आणि भोकांभोवती, म्हणजे व्हेंट, स्कायलाइट, अँटेना, एसी, पुढची मागची पट्टी. या सगळ्याभोवती सीलंट लावलेलं असतं, त्याला भेगा पडल्यात का, कड सुटून वर आलीये का ते बोटाने हळूच दाबून बघा. सुटलेलं असेल तर तेवढा भाग काढा, स्वच्छ पुसा आणि त्याच प्रकारच्या छतासाठीचं सेल्फ लेव्हलिंग लॅप सीलंट भरा, ते आपोआप पसरून सपाट होतं. उभ्या भागाला मात्र न वाहणारं लागतं. हार्डवेअरच्या दुकानातला बाथरूमचा सिलिकॉन लावू नका, तो अशा छताला नीट धरत नाही आणि नंतर त्याच्यावर दुसरं काही चिकटतही नाही. ईपीडीएमवर पेट्रोलियमवाला क्लीनरही नको, रबर फुगतं. भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश पुरतो.

खाली उतरून बाहेरच्या भिंतींकडे तिरकं बघा, उन्हात उभं राहून. फुगवटा दिसला, फायबरग्लास प्लायवुडपासून सुटल्यासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. मग आत जाऊन वरचे कोपरे, खिडक्यांखालची जागा, बंकच्या मागचा भाग आणि स्लाइडआउटचे (बाहेर सरकणाऱ्या भागाचे) कोपरे तळहाताने दाबत जा. मऊ लागलं, पिवळट डाग दिसला किंवा कपाट उघडल्यावर दमट वास आला तर त्याचा माग काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाकी सगळं एका शनिवारात होतं पण कुजलेलं लाकूड वाट बघत नाही.

उंदीर आणि कुंभारमाशा

मिशिगनच्या थंडीत ट्रेलर म्हणजे उंदरांना आयतं घर. मी ऑक्टोबरमधेच शेंगदाणे, पोहे, गूळ, बेसन, कुत्र्याचं खाणं, सगळं घरी आणते, डब्यात असलं तरी, कारण पातळ प्लास्टिक ते कुरतडतात. वसंतात पहिल्यांदा आत गेलात आणि लेंड्या दिसल्या तर लगेच झाडू मारू नका, व्हॅक्यूमही नको. काही उंदरांच्या लेंड्यामुतातून हंटाव्हायरस पसरू शकतो आणि वाळलेली धूळ उडून ती श्वासात जाते. आधी दारंखिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा, हातमोजे आणि मास्क घाला, ब्लीचचं पाणी मारून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसून पिशवीत बांधून टाका. घाण कुठे आहे त्यावरून वाट सापडते, बहुतेक वेळा सिंकखाली, जिथे पाइप आणि वायरी जमिनीतून वर येतात तिथे. ती भोकं भांडी घासायच्या तारेसारखं स्टील वूल कोंबून वरून फोमने बंद करा, नुसता फोम ते सहज कुरतडतात.

वायरी कुरतडल्यात का तेही बघा, विशेषतः कन्व्हर्टरच्या, म्हणजे १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या डब्याच्या मागे.

बाहेर फर्नेसची जाळी, वॉटर हीटरची जाळी आणि फ्रीजमागचं झाकण उघडून कुंभारमाशांची मातीची घरटी आणि कोळ्यांची जाळी काढा. गॅसला जो वास मुद्दाम घातलेला असतो त्याकडे हे किडे ओढले जातात असं सगळेच आरव्हीवाले सांगतात, कारण काहीही असो, बर्नरच्या नळीत एक बारीक जाळं असलं तरी ज्योत पिवळी होते किंवा पेटतच नाही.

बॅटरी आणि वीज

पाण्याच्या आधी वीज का, तर पंप १२ व्होल्टवर चालतो. साधी लेड अ‍ॅसिड बॅटरी असेल तर मल्टिमीटर लावा. चार्जर काढून काही तास झाल्यावर १२.६ किंवा वर असेल तर भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. रिकामी बॅटरी कडक थंडीत गोठून फुगते, तशी दिसली तर चार्ज करायच्या भानगडीत पडू नका, बदला. टोप्या उघडणारी असेल तर प्लेटा बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही. लिथियमवाल्यांनी एकच लक्षात ठेवा, बॅटरीचं स्वतःचं तापमान ३२ फॅरनहाइटच्या खाली असताना चार्जिंग करायचं नाही.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येकाला दोनदा सांगते. घरी ट्रेलरसाठी ३० अँपचा पॉइंट बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला स्पष्ट सांगा की हा १२० व्होल्टचा आहे. तीन पिनांचा मोठा प्लग बघून खूप जणांना तो कपडे वाळवायच्या मशीनचा वाटतो आणि ते २४० व्होल्ट जोडून देतात, आणि मग पहिल्यांदा प्लग लावताक्षणी मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, टीव्ही सगळं जळतं. काम झालं की तुम्ही स्वतः मीटर लावून बघा, मगच प्लग. कॅम्पग्राउंडवरही सर्ज प्रोटेक्टर लावल्याशिवाय मी जोडत नाही, जुन्या पार्कांतल्या पॉइंट्सचा भरवसा नसतो.

पाणी, सावकाश

इथे घाई नको. मी एक अख्खा दिवस देते.

आधी सगळे ड्रेन बंद आहेत का ते बघा, ताज्या पाण्याच्या टाकीचा आणि खाली लोंबणारे गरम थंड पाइपचे दोन लो पॉइंट. बाहेरचा शॉवर बंद. वॉटर हीटर अजून बायपासवरच ठेवा, म्हणजे अँटिफ्रीझ त्यात जाणार नाही. टाकीत थोडं पाणी घाला, पंप चालू करा आणि एकेक नळ उघडा, पंपापासून लांबचा आधी, आधी थंड मग गरम, पाणी स्वच्छ येईपर्यंत. टॉयलेट आणि बाहेरचा शॉवर विसरले जातात, तेही. गुलाबी अँटिफ्रीझ प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं, विषारी नसलं तरी प्यायचं नाही, आणि गाडीतलं हिरवं वेगळं, ते खरंच विषारी आहे, ते पाण्याच्या पाइपमधे कधीच घालायचं नाही. सिंकमधून गेलेलं सगळं ग्रे टँकमधे (सांडपाण्याच्या टाकीत) साठेल, ते पुढच्या ट्रिपला डंप स्टेशनवर सोडायचं, गटारात किंवा गवतावर नको.

मग सगळे नळ बंद करा आणि पंप चालू ठेवून गप्प बसा. खरंच, पंखा बंद, फोन बाजूला, फक्त ऐका. पंपाने दाब तयार केला की तो थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. कोणी नळ उघडलेला नसताना दर दोनतीन मिनिटांनी घर्रर्र करत असेल तर कुठेतरी पाणी जातंय किंवा पंपाचा व्हॉल्व्ह खराब आहे. टॉर्च घेऊन सिंकखाली, टॉयलेटमागे, शॉवरच्या पॅनेलमागे, हीटरमागे कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारा थेंब टिश्यूवर लगेच दिसतो.

पंपावर पास झालं की बाहेरची होज. मधे प्रेशर रेग्युलेटर लावाच, ४० ते ५० पीएसआयचा. ट्रेलरचे प्लास्टिकचे सांधे घरच्या पाइपांसारखे नसतात आणि काही कॅम्पग्राउंडवर दाब यापेक्षा खूप जास्त असतो. पुन्हा टिश्यूची फेरी.

आता टाकी निर्जंतुक करणं. बिनवासाचं साधं ब्लीच, प्रमाण १५ गॅलनला पाव कप. म्हणजे ४० गॅलनच्या टाकीला साधारण दोन तृतीयांश कप. अंदाजपंचे जास्त घालू नका, नंतर वास जाता जात नाही आणि रबरी सीलनाही ते बरं नाही. ब्लीच आधी गॅलनभर पाण्यात मिसळा, ते टाकीत घाला, मग टाकी पूर्ण भरा. पाण्याचे फिल्टर आधी काढून ठेवा. आता हीटरचा बायपास काढा, तो भरू द्या, गरम पाण्याच्या नळातून फसफस थांबून अखंड धार आली की तो भरला. प्रत्येक नळातून ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडा आणि रात्रभर, १२ तास तरी, तसंच ठेवा. सकाळी सगळं रिकामं करा आणि वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने खळबळून काढा, दोनदा लागतं, कधी तीनदा.

हीटर रिकामा करायचाच असतो तेव्हा आतला रॉड बघून घ्या. सबर्बन कंपनीच्या हीटरची टाकी स्टीलची असते आणि तिच्यात मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो, टाकी गंजायच्या ऐवजी तो झिजतो. पाऊण झिजला असेल तर बदला, आमच्याकडच्या पाण्यात मी जवळजवळ दरवर्षी बदलते. अ‍ॅटवुडची टाकी अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला रॉड नसतो, नुसता प्लग असतो, त्यामुळे रॉड सापडत नाही म्हणून घाबरू नका. उघडण्याआधी हीटर पूर्ण थंड, पाणी बंद, आणि वरचा रिलीफ व्हॉल्व्ह उचलून दाब काढलेला, नाहीतर रॉड गोळीसारखा बाहेर येतो. आणि हीटर भरल्याची खात्री झाल्याशिवाय विजेचं बटण दाबायचं नाही. कोरडा एलिमेंट काही क्षणांत जळतो, आमच्या ओळखीत दोघांचा जळलाय.

गॅस

सिलेंडर उघडा, हळू. एकदम उघडला तर आतला सेफ्टी व्हॉल्व्ह अडतो आणि गॅस पुढे नीट जात नाही. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की बंद, घट्ट करा, पुन्हा बघा, तरीही आले तर माणूस बोलवा. आधी शेगडी पेटवा म्हणजे नळीतली हवा निघून जाते, मग फ्रीज, हीटर, फर्नेस. फर्नेस पहिल्यांदा लावल्यावर धुळीचा जळका वास दहा मिनिटं येतो, खिडक्या उघड्या ठेवा.

गॅस डिटेक्टर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म या दोन्हींच्या मागे तारीख छापलेली असते. टेस्टचं बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे चांगला आहे असं नाही, आतला सेन्सर पाच ते सात वर्षांत संपतो. तारीख गेली असेल तर त्याच दिवशी नवा मागवा, इथे कंजुषी अजिबात नको, आत मुलं झोपतात. फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे ना तेही बघा.

टायर, नट, ब्रेक

ट्रेलरचे टायर झिजून नाही, वय होऊन फुटतात. सहा महिने एकाच जागी उभे, ऊन, थंडी. बाजूला डीओटी नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. पाच वर्षांपुढे गेले असतील तर नक्षी कितीही नवी दिसो, मी बदलते, आणि सातच्या पुढे कोणीच चालवू नयेत. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना मोजा आणि ट्रेलरवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. ट्रेलरचे बरेच टायर ताशी ६५ मैलांपर्यंतचेच असतात, हायवेवर बाकीचे ८० ने जाताहेत म्हणून आपण जायचं नाही.

नट टॉर्क रेंचने घट्ट करा, किती ते मॅन्युअलमधे असतं, अर्ध्या इंची स्टडला साधारण ९० ते १२० फूट पाउंड. चाक काढून लावलं असेल तर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा. बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी, हे मी दुकानात करून घेते. हिचला जोडल्यावर ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्सचे दिवे, आणि ब्रेकअवे स्विच, म्हणजे ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी ती केबल. पिन ओढा, ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत. लगेच पिन परत घाला, नाहीतर बॅटरी उतरते.

ड्राइव्हवेमधे एक रात्र

हे सगळं झालं की लांब जाऊ नका. एक रात्र घरासमोर ट्रेलरमधे झोपा, सगळ्यांनी, आणि घरात जायचं नाही असं ठरवून. तुमच्या सोसायटीत ट्रेलरमधे झोपायला बंदी असेल तर तासाभराच्या अंतरावरचं एखादं कॅम्पग्राउंड घ्या. फ्रीज आदल्या दिवशीच चालू करा, गॅसवर चालणारा जुन्या प्रकारचा फ्रीज गार व्हायला दहाबारा तास घेतो आणि ट्रेलर समतल नसेल तर तो बिघडतो. सगळा स्वयंपाक आत करा, कुकर लावा, अंघोळी करा, फर्नेस रात्रभर चालू ठेवा. काय राहिलं ते सगळं त्या एका रात्रीत कळतं. आमच्याकडे दरवर्षी सांडशी नाहीतर चहाची गाळणी राहिलेली असते.

आपल्या स्वयंपाकाबद्दल थोडं. फोडणी आत दिली की स्मोक अलार्म वाजतोच, काही जण वैतागून त्याची बॅटरी काढतात, तसं करू नका, बाहेर टेबलावर छोटी शेगडी मांडून फोडणी तिथे द्या. आत शेगडी पेटलेली असेल तेव्हा खिडकी आणि वरचा व्हेंट उघडाच, आणि शेगडीवर ट्रेलर गरम करायचा नाही. तेलकट ताटं टिश्यूने पुसून मग धुवा, आमटीचं तेल आणि भाताची शितं ग्रे टँकमधे गेली की जूनमधे असा वास येतो की बसवत नाही.

लाकडं घरून नेऊ नका. अ‍ॅशची झाडं मारणारा एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो आपल्याच डेट्रॉइट भागात, २००२ मधे, आणि लांब लांब पसरायला लोकांनी ट्रंकेत नेलेली जळाऊ लाकडं मोठं कारण ठरली. जिथे जाळणार तिथेच विकत घ्या. मिशिगनच्या वरच्या भागात (अप्पर पेनिन्सुला), टक्वामेननच्या धबधब्याकडे, मेच्या अखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला जाणार असाल तर काळ्या चावऱ्या माशांसाठी डोक्यावरच्या जाळ्या घ्या, लहान मुलांना तर नक्कीच.

आणि गुलाबी अँटिफ्रीझचे दोन गॅलन मेअखेरपर्यंत ट्रेलरमधेच राहू द्या. परत आल्यावर अचानक २५ डिग्री फॅरनहाइटचा अंदाज दिसला तर लो पॉइंट उघडा, टाकी आणि हीटर रिकामे करा, अँटिफ्रीझ सिंक आणि शॉवरच्या मोऱ्यांत कपभर आणि थोडं पंपातून, अर्ध्या तासाचं काम आहे, रात्री दहा वाजता असलं तरी करून टाका.